ग्रामपंचायतीचा आराखडा खरोखर गावानं करायचा, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न एका तरुण ग्रामपंचायत सदस्य ताईंचा आहे. गाव कमी पावसाच्या पट्ट्यातलं, लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास. गावठाणाबाहेर तीन वस्त्या आहेत आणि बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्या लिहितात: "आमच्याकडे विकास आराखडा दरवर्षी होतो, म्हणजे संगणकावर भरला जातो. ग्रामसभेत वाचून दाखवतात, सह्या होतात. मी सदस्य असून त्यात काय आहे ते मला नंतर कळलं. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा लोकांनी मिळून करावा असं फार वाटतं, पण ग्रामसभेला माणसंच येत नाहीत. काय करू?"

ताई,

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकी सगळं तिथंच अडतं. आपण गेलो काय आणि न गेलो काय, सभेत ठरवायचं काही उरलेलं नसतं, हे लोकांना ठाऊक आहे. एका दिवसाची मजुरी बुडवून आधीच ठरलेल्या गोष्टीवर सही करायला कोण येईल? त्यात नियमांची एक पळवाट आहे. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा वैध ठरायला, १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतले जे कमी असतील तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग वीस-पंचवीस जणांत अख्ख्या गावाचा आराखडा मंजूर होतो आणि कागद नियमात बसतो.

म्हणून ग्रामसभेची चिंता तूर्त बाजूला ठेवा. आराखडा तिथं मंजूर व्हायचा असतो. तो तयार व्हायचा असतो त्याआधीच्या दोन महिन्यांत, वस्तीवर, ओट्यावर, पाण्याच्या टाकीपाशी. मी गेली बावीस वर्षं गावोगाव हेच काम करते, आधी पाणलोटाच्या कामात आणि २०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' कार्यक्रमाची प्रशिक्षक म्हणून. त्या वर्षी चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला आणि त्याच्यासोबत आराखड्याची अट आली. एवढ्या वर्षांत ज्या गावांचा आराखडा टिकला, त्या प्रत्येक गावात ग्रामसभेच्या दिवशी नवीन काहीच घडलं नाही. माणसं आली ती आपण ठरवलेलं बदललं तर जात नाही ना, हे बघायला.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करा. पंचवीस कामांच्या यादीला आराखडा म्हणायची आपल्याकडे सवय झाली आहे. यादी अर्ध्या तासात होते, कारण त्यात कुणालाच 'नाही' म्हणावं लागत नाही. आराखडा करताना आधी कुणाचं आणि नंतर कुणाचं, हे एकमेकांच्या तोंडावर ठरवावं लागतं. त्याला माहिती लागते, वेळ लागतो आणि जी माणसं कधी बोलत नाहीत ती समोर असावी लागतात.

पहिलं काम तुम्ही एकटीनंसुद्धा करू शकता. गेल्या तीन वर्षांचे मंजूर आराखडे काढा. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर ते कुणालाही बघता येतात, त्यासाठी अर्ज लागत नाही. मग शाळेच्या पटांगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढा. गावठाण, वस्त्या, ओढा, विहिरी, शाळा, अंगणवाडी, स्मशान सगळं दाखवा आणि तीन वर्षांत जिथं जिथं प्रत्यक्ष काम झालं तिथं हळदीची चिमूट ठेवा. माणदेशातल्या एका गावात आम्ही हे केलं, तेव्हा वेशीच्या आत सगळं पिवळं झालं. मागासवर्गीय वस्तीवर एकच चिमूट होती, तीही बंद पडलेल्या हातपंपावर. कुणी भाषण केलं नाही. सरपंच बराच वेळ नकाशाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे मला असं कधी दिसलंच नव्हतं." ते खरंच बोलत होते. आकडे रजिस्टरात वेगवेगळ्या पानांवर असतात, तिथं ते कुणाला दिसत नाहीत.

जागा मात्र विचार करून निवडा. मारुतीच्या सभामंडपात रांगोळी छान दिसते, पण तिथं वस्तीवरच्या बायका पाऊल टाकतील का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. शाळेचं पटांगण सर्वांचं असतं.

आता वेळापत्रक. तुमच्या गावासाठी माझ्या मते हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि कुठल्याच प्रशिक्षणात तो पुरेसा येत नाही. 'सबकी योजना, सबका विकास' ही केंद्राची मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि आराखडे हिवाळ्यात पूर्ण होतात. ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या निघतात त्याही दसरा-दिवाळीच्या पुढे-मागेच. टोळ्या परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. म्हणजे जी कुटुंबं वर्षातले पाच-सहा महिने गावाबाहेर काढतात, ती आराखड्याच्या एकाही बैठकीला गावात नसतात, आणि असं दरवर्षी होतं. वस्तीच्या निम्म्या दारांना कुलूप असताना 'लोकसहभागातून तयार' असं लिहिलेले आराखडे मी पाहिले आहेत आणि सुरुवातीच्या काळात त्यांतल्या काहींवर प्रशिक्षक म्हणून माझीही सही आहे. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा ऊसतोडीच्या कुटुंबांच्या बैठका पोळा ते दसरा या काळात उरकाच. त्यांचं मागणं गावात राहणाऱ्यांपेक्षा वेगळं असतं. मुलं आजीजवळ ठेवून जायचं तर शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, त्यासाठी मुलांची नावं वेळेत कोण कळवणार, गरोदर सुनेची नोंद आणि लसीकरण कारखान्याच्या गावात कसं चालू राहील, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना रेशन आणि औषध कोण पोचवणार. यातल्या बहुतेक गोष्टींना ग्रामपंचायतीचा पैसा फारसा लागत नाही. एका व्यक्तीनं जबाबदारी घ्यावी लागते आणि ती आराखड्यात नावानिशी लिहावी लागते.

वस्तीच्या बैठकीत "तुम्हाला काय हवं?" असं विचारू नका. या प्रश्नाला रस्ता, गटार, सभामंडप हीच उत्तरं येतात, कारण वर्षानुवर्षं तेवढंच मिळत आलं आहे. त्याऐवजी दिवस विचारा, वर्ष विचारा. काल पहाटे उठल्यापासून काय काय केलं? पाण्याला किती फेऱ्या झाल्या? गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात उसनवारी करावी लागली? घरात शेवटचं मोठं आजारपण आलं तेव्हा कुठं गेलात, आणि पैसे कुठून उभे केले? लिहून घेणारी दोन माणसं बरोबर ठेवा आणि स्वतः कमी बोला.

एका गावात पुरुषांच्या बैठकीत पहिली मागणी आली प्रवेशद्वाराच्या कमानीची. त्याच आठवड्यात बायकांना दिवस विचारला, तर कळलं की वरच्या आळीला नळाचं पाणी रात्री अडीच-तीनला येतं आणि प्रत्येक घरातली एक बाई त्यासाठी जागी असते. कारण शोधलं तर वीज रात्रीची आणि व्हॉल्व्ह सोडण्याचा क्रम कुणीतरी फार पूर्वी लावून दिलेला. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला बसवून क्रम बदलला आणि टाकी दिवसा भरायची व्यवस्था झाली. खर्च शून्य. आराखड्याच्या नमुन्यात बिनखर्चाच्या आणि कमी खर्चाच्या उपक्रमांना जागा असते. बहुतेक गावं ती मोकळी सोडतात किंवा 'स्वच्छता फेरी' लिहून भरतात. तुम्ही तीच पानं आधी भरा. पहिल्या तीन महिन्यांत अशा दोन गोष्टी झाल्या, की पुढच्या बैठकीला बोलावणं पाठवावं लागत नाही.

महिला सभेचंही तसंच आहे. ग्रामसभेआधी ती घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ती त्याच दिवशी अर्धा तास आधी, त्याच वहीत उरकतात. ती निराळ्या दिवशी, दुपारी, बायकांच्या सोयीनं घ्या. बचत गटांच्या ग्रामसंघानं 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून गरिबी कमी करण्याचा स्वतःचा आराखडा केलेला असतो. तो तुमच्या आराखड्याला जोडायचा असतो, हे अनेक सदस्यांना माहीतच नसतं. ग्रामसंघाच्या अध्यक्षांना आधी भेटा. निम्मी माहिती त्यांच्याकडे तयार मिळेल.

यानंतर पाणी. कमी पावसाच्या गावात पाच वर्षांचा विचार म्हणजे निम्म्याहून अधिक पाण्याचाच विचार, म्हणून इथं जरा थांबते. शिवार फेरी काढा. ओढ्याच्या उगमापासून गावाच्या खालच्या हद्दीपर्यंत पायी, जाणत्या म्हाताऱ्यांना आणि शाळेतल्या पोरांना बरोबर घेऊन. कुठला बंधारा गाळानं भरलाय, कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटते, कुठं झाडोरा गेला, हे चालताना लिहायचं. मग गावाच्या पाण्याचा जमाखर्च मांडायचा. गणित सोपं आहे, सातवीतली मुलं करतात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडलं. हजार हेक्टरच्या शिवारात ४५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ४५० कोटी लिटर. आकडा ऐकून लोक खूश होतात. मग सांगायचं की यातलं बरंच उडून जातं, बरंच वाहून जातं आणि आपल्या काळ्या पाषाणात जमिनीखाली मुरतं ते ढोबळ मानानं दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ४५ कोटी लिटर.

आता खर्चाची बाजू. माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर दोन हजार माणसांना वर्षभर प्यायला-वापरायला साधारण ४ कोटी लिटर लागतं. एक हेक्टर उसाला वर्षाकाठी ढोबळमानानं २ कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या गावाचं घरगुती पाणी दोन हेक्टर उसाइतकं. हे फळ्यावर लिहिलं की ओट्यावर शांतता होते. त्या शांततेत कुणाकडे बोट दाखवू नका. ऊस लावणाराही कर्ज काढून लावतो. पण चाळीस विंधन विहिरी आणि दरवर्षी उन्हाळ्यात टँकर, यांचा संबंध प्रत्येकाला आपापला लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात तिथं खूप बांधबंदिस्ती झाली, हे सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. त्या गावानं सिंचनासाठी विंधन विहीर घ्यायची नाही, ऊस आणि केळीसारखी फार पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत असं ठरवलं, आणि पावसाळा संपला की झालेल्या पावसाच्या हिशेबावर त्या वर्षीची पिकं ठरवली. बंधारे पुष्कळ गावांत झाले. आपल्यावर आपणच घातलेली बंधनं फार थोड्या गावांत टिकली. तुमच्या आराखड्यात बंधाऱ्यांची ओळ येईल, तिच्याशेजारी गावानं स्वतःवर घातलेल्या नियमाची एक तरी ओळ यावी. सगळा ऊस बंद, असं नको, ते एका वर्षात मोडतं. ठिबकशिवाय नवा ऊस नाही, किंवा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ नवी विंधन विहीर नाही, एवढ्यापासून सुरू करा. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर बंधन घालण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहेच.

पैशाबद्दल थोडक्यात. लोकांना सगळ्यात आधी सांगा की किती पैसे आहेत. आकडा लपवला की मागण्या आभाळाला भिडतात. पंधराव्या वित्त आयोगात, २०२१ ते २०२६ या काळात, ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेला होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे, तेव्हा जुनी टक्केवारी गृहीत धरू नका, शासन निर्णय हातात घेऊनच रकमा मांडा. स्वनिधीतून, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे तीन आकडे ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्या. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली असेल तर तेही वाचा, नावं न घेता, एकूण आकडा. जलसंधारण, शेतरस्ते, विहिरी ही कामं रोजगार हमीतून, शाळा-अंगणवाडीची मोठी दुरुस्ती जिल्हा परिषदेकडून, अशी प्रत्येक कामासमोर पैशाची वाट लिहा. जिथं वाट सापडत नाही, तिथं तसं स्पष्ट लिहा.

क्रम कसा लावायचा, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. चिंचोके ठेवून मत द्यायची पद्धत आम्ही पूर्वी सगळीकडे शिकवायचो. गंमत येते, लोक रमतात, पण मोठी आळी नेहमी जिंकते. वीस घरांच्या वस्तीचे चिंचोके दोनशे घरांपुढे कसे पुरे पडणार? आता मी ते एकाच आळीतल्या कामांपुरतं वापरते. गावपातळीवर हात वर करून ठरवू नका.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव यासाठी समजून घ्यायला हवं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून तिथं दोन गोष्टी रुजल्या. निर्णय सर्वसहमतीनं, म्हणजे एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. आणि त्याआधी अभ्यास गट, जिथं निर्णय घ्यायचा नसतो, फक्त विषय समजून घ्यायचा असतो. जंगल, कायदा, बांबूचे दर, सगळं तिथं बोललं जातं. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून बांबूची विक्री ग्रामसभा करू लागली, त्यामागे वर्षानुवर्षांचा हा अभ्यास होता. दोन हजारांच्या, चार गटातटांच्या गावात सगळ्या विषयांवर सर्वसहमती होणार नाही, हे मला माहीत आहे. पण अभ्यास गट तुमच्या गावात होऊ शकतो. दर पंधरा दिवसांनी, आठ-दहा जण, एकच विषय. एकदा अंगणवाडीतल्या मुलांची वजनं घ्या, एकदा पाण्याचा हिशेब, एकदा पंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या करआकारणीची नोंदवही, कसा वाचायचा. क्रमासाठी मी एवढाच नियम सुचवीन, की हळदीच्या नकाशावर जी वस्ती कोरी राहिली, तिचं एक काम पहिल्या वर्षात असेलच आणि ते कुठलं, हे तीच वस्ती ठरवेल.

एक विषय बहुतेक आराखड्यांत येतच नाही, तो म्हणजे जमीन. रस्ता रुंद झाला की कडेच्या जमिनींचे तुकडे पडतात, गायरानात घरं चढतात, आणि पाच वर्षांनी शाळेच्या वाढीव खोल्यांना, दफनभूमीला, कचऱ्याला जागा उरत नाही. गायरान किती आहे, त्यावर आज काय आहे, गावठाण कुठल्या बाजूला वाढतंय, हे तलाठ्यांकडून घेऊन त्याच नकाशावर काढा. गायरानावर राहणारं कुटुंब बहुतेक वेळा गावातलं सगळ्यात गरीब असतं, म्हणून या विषयाची सुरुवात अतिक्रमण काढण्यापासून करू नका. उरलेली जागा कशासाठी राखायची, इथून करा.

भाऊसाहेबांशी, म्हणजे ग्रामसेवकांशी, वैर धरू नका. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, कामाचा ढीग तोच आहे. कित्येकांकडे एकाहून जास्त गावं असतात आणि संगणकावर आराखडा भरायची तारीख त्यांच्या डोक्यावर असते. त्यांनी एकट्यानं बसून आराखडा भरला, यात बऱ्याचदा लबाडीपेक्षा घाई जास्त असते. तुम्ही वस्तीनिहाय कामं, मोजमाप आणि अंदाजे खर्च लिहून आयतं हातात दिलंत, तर ते नाकारायचं कारण त्यांच्याकडे उरत नाही. शाखा अभियंत्यांना शिवार फेरीच्या दिवशीच बोलवा, म्हणजे तालुक्याच्या तांत्रिक छाननीत कामं परत येणार नाहीत. खरी अडचण येईल ती ठेकेदारीतून. कुणाचा तरी भाचा गटाराचं काम धरून बसलेला असेल. तिथं एकट्यानं भिडू नका, वस्तीच्या बैठकीत सह्यांनिशी लिहिलेला क्रम पुढे करा. सरपंच दुसऱ्या पॅनेलचे असतील, तर हळदीच्या नकाशाला त्यांना पहिल्यांदा बोलवा, शेवटी नव्हे.

मंजुरीनंतर आराखड्याची एक प्रत प्रत्येक वस्तीवर रंगवून लावा. काम, वर्ष, रक्कम, जबाबदार कोण. पुढच्या प्रत्येक ग्रामसभेचा पहिला विषय 'फलकावरचं काय झालं' हाच ठेवा. झालं नाही तर का झालं नाही, ते तिथंच लिहायचं.

आता तुमच्या हाताशी किती दिवस आहेत, ते मुकादमांना विचारा. गाड्या कोणत्या तारखेला निघणार हे त्यांना आधीच माहीत असतं. त्या तारखेच्या आधीचे सहा आठवडे मोजा आणि पहिली बैठक त्याच वस्तीवर, रात्री जेवणं झाल्यावर लावा.